दहावा अर्ज

रतनसिंग गेला त्याला तेरा दिवस झाले होते. या तेरा दिवसांत दिपानं बापाबद्दल एकही वाकडा शब्द ऐकला नव्हता, आणि म्हणूनच तिला कुणाचंच बोलणं खरं वाटेनासं झालं होतं. जिवंतपणी ज्याला पाठीमागे शिव्या घालायचे, त्याला आता देवमाणूस म्हणत होते. दिपा हात जोडून ऐकून घेई आणि मनात विचारी, याला आपल्याकडून काय हवं असेल?

चौदाव्या दिवशी त्याचं उत्तर हरिचंद घेऊन आला. तांड्याच्या दूध संस्थेचा तो सचिव. रतनसिंग वीस वर्षं चेअरमन होता, म्हणजे संस्था निघाली तेव्हापासून. हरिचंदनं बाजेवर बसून पिशवीतून एक कागद काढला. निवडणुकीचा अर्ज. दिपाचं नाव, वय, सभासद क्रमांक, सगळं भरलेलं. सहीची जागा तेवढी रिकामी.

"बाच्या जागी तूच," हरिचंद म्हणाला. "नऊ जागा, नऊ अर्ज. बिनविरोध. सारा तांडा एका मतानं आहे, पोरी."

होळीला लेंगीचं गाणं आधी कुणी म्हणायचं यावर ज्या तांड्याचं आजवर एकमत झालं नाही, तो तांडा पंचवीस वर्षांच्या पोरीवर एका मतानं आला होता. दिपा गोरेगावच्या शाळेत मराठी शिकवायची. सकाळी केंद्रावर दूध घालून जीप धरायची. संस्थेचा कारभार तिनं कधी पाहिला नव्हता, आणि हे हरिचंदला तिच्याहून जास्त माहीत होतं.

"निवडून आल्यावर मला काय करावं लागेल?"

"काय न्हाई. पहिल्या मिटिंगला एक ठराव. एक दूध कंपनी आपल्या केंद्रावर दूध गार करायची टाकी बसवून देते. फुकट. जमाना बदलून राहिला. पलीकडच्या गावात कंपनीचा टेम्पो येऊन राहिला, आपण का मागं राहावं?"

"फुकट काहून देते?"

हरिचंद हसला. "बराबर बापावर गेलीस."

तिनं सही केली. न करण्यासारखं कारण हाताशी नव्हतं, आणि पारुबाई, तिची आई, जिला ती याडी म्हणे, दारातून बघत होती. नवऱ्याची जागा घरातच राहावी एवढंच त्या बाईला हवं होतं.

"अन् त्या नरसिंगचं काय?" पारुबाईनं विचारलं. "तो मेला घालंलच की दहावा अर्ज."

"न्हाई घालणार," हरिचंद म्हणाला. "तुमच्या दुःखात कुणी आडवं येतं व्हय?"

नरसिंगचा दहावा अर्ज ही तांड्यातली जुनी बोच होती. बिनविरोध म्हणजे तांड्याची शान, पेपरात चार ओळी यायच्या. पण नव्वदला, पंच्याण्णवला आणि दोन हजारला, तिन्ही खेपेला नरसिंगनं शेवटच्या दिवशी अर्ज भरला. नऊ जागांना दहा माणसं झाली की पेटी ठेवावी लागायची, आणि सगळ्या नऊ जणांना, चेअरमनलाही, दारोदार जाऊन हात जोडावे लागायचे. मोजणीत नरसिंग दहावा यायचा. लोक त्याला 'दहाव्या' म्हणूनच हाक मारायचे. पारुबाईनं तर त्याच्या बायकोशी, द्वारकाबाईशी, बोलणं टाकलं होतं. दोघी एकाच तांड्यातल्या, एकाच वर्षी लग्न होऊन इकडे आलेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पारुबाई शेतात असताना, नरसिंग आला. अंगणाच्या कडेलाच उभा राहिला.

"अर्ज भरू का न्हाई, एवढं विचारायला आलो."

दिपा वह्या तपासत होती. तिनं मान वर केली. "मला काहून विचारता?"

"दर वक्ताला तुझा बा सांगायचा. आता कुणाला विचारू?"

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि संताप आला. "बा तुम्हाला त्याच्याच विरोधात उभं राहायला सांगायचा?"

"नव्वदला आला होता, माझ्या बांधावर. म्हणला, 'बिनविरोध झालो की मला कुणी काही विचारत न्हाई. माणूस सडतो असा. तू भर.' म्हणला, 'कुणाला बोलू नको, बायकोलाही न्हाई.'"

"याला साक्षीदार?"

"तुझा बा."

"तो तर गेला."

"मग न्हाई कुणी."

मेलेल्या माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं, तिच्या मनात आलं. हरिचंदनं पाठवलं असेल का याला? की हा स्वतःच सौदा करायला आलाय, मी भरत नाही, मला अमुक द्या? तिनं त्याला बसायला सांगितलं नाही.

"सभेत तुम्ही प्रश्न विचारायचात, ते?"

"सुरुवातीचे त्यानंच दिलेले. म्हणून तर उत्तरं तयार असायची त्याच्याकडं." नरसिंग जरासा हसला. "पण सोपे असायचे गं ते. आपल्याला झेपतील तेवढेच प्रश्न दुसऱ्याच्या तोंडी घालतो माणूस. मग त्र्याण्णवला मी माझा विचारला. चेअरमनच्या घरच्या दुधाची डिगरी कोण बघतो?"

दिपाच्या हातातला पेन थांबला.

ती सभा तिला आठवत नव्हती, पण पुढचा आठवडा पक्का आठवत होता. सभेत ठरलं, की चेअरमनचं दूध रांगेतल्या मागच्या माणसानं सगळ्यांसमोर तपासायचं. त्या आठवड्यात एका सकाळी कॅन घेऊन निघालेली तेरा वर्षांची दिपा चढावर घसरली होती. निम्मं दूध मातीत गेलं. आई मारील म्हणून तिनं हापशावर कॅन भरून घेतला. चेअरमनचं दूध कोण तपासतंय, रोज तर तसंच ओततात, असं तिला वाटलं होतं. नव्या नियमाबद्दल तिला कुणी सांगितलं नव्हतं. लॅक्टोमीटर बुडत गेला. डिगरी बावीस, म्हणजे दुधात पाणी. बापानं आकडा स्वतः मोठ्यानं वाचला, वहीत लिहायला लावला आणि सगळ्या रांगेसमोर आपलाच कॅन उचलून घरी आणला. पारुबाई महिनाभर म्हणत होती, नरसिंग्यानंच यंत्रात काहीतरी केलं. दिपा गप्प राहिली होती. बारा वर्षं.

"त्या दिवसापासून दीड वरीस त्यानं माझं तोंड पाहिलं न्हाई," नरसिंग सांगत होता. "नाटक न्हाई, खरंच. मला वाटलं, संपलं आता. अन् पंच्याण्णवला पुन्हा बांधावर हजर. उभ्या उभ्याच म्हणला, 'भरणार का?' मी म्हणलं, आता काहून? तर म्हणला, 'माझं दूध परत गेलं त्या दिवशी मला तुझा जीव घ्यावा वाटला होता, नरसिंग. म्हणूनच भर.'"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी तिला तिचा बाप सांगितला होता. रागावणारा, तोंड फिरवणारा, आणि तरीही चालत बांधापर्यंत जाणारा. स्तुती कुणीही रचतं. हे कुणी कशाला रचेल?

"ते पाणी मी घातलं होतं," ती म्हणाली.

आता कुठे नरसिंग ओट्याच्या कडेला टेकला. "तुझ्या बाला म्हाईत होतं?"

"न्हाई."

"त्याचा शक पारुबाईवर होता. मला म्हणला होता एकदा. घरात मात्र कधी बोलला नसंल."

नव्हता बोलला. त्या वर्षी तो रोज धार काढायच्या वेळी गोठ्यात येऊन उभा राहायला लागला होता. म्हशींची माया, असं दिपाला वाटायचं. तिनं वही मिटली.

"तुम्हाला खरंच निवडून यायचं नव्हतं?"

"मतं मागायचो न्हाई. त्याचंच तसं म्हणणं होतं. उभा राहा, विचार, पण फिरू नको."

"मग ती निवडणूक कसली, काका?" 'काका' तिच्या तोंडून आपसूक गेलं. "विरोधक त्यानंच निवडायचा, तो किती विरोध करणार तेही त्यानंच ठरवायचं. अन् तुम्ही पंधरा वर्षं दहाव्या म्हणवून घेतलं. याडी अन् द्वारकाकाकू एका हापशावर पाठ फिरवून उभ्या राहतात. हे बरं केलं त्यानं?"

"काही बरं केलं, काही न्हाई. त्याला विचारायचं राहून गेलं." नरसिंग उठला. "तर भरू का?"

व्हय म्हणणं सोपं होतं. बाप तेच म्हणाला होता. पण तिच्या होकारानं भरलेला अर्ज तिच्याच खिशात राहिला असता, आणि ज्या मुलीनं कुणी बघत नाही म्हणून पाणी घातलं, तिला आपल्या खिशाची खात्री नव्हती.

"मी भरा म्हणणार न्हाई. भरू नका असंही न्हाई. तुमचं तुम्ही ठरवा. अन् प्रश्न मला आधी सांगू नका."

"मग मी मतं मागंन, पोरी. दारोदार."

"मागा."

"तू पडशील कदाचित."

तिनं पुढची वही ओढली. तो गेल्यावर तिच्या मनात पुन्हा किडा वळवळला. गोड बोलून हेच तर काढून घ्यायचं नव्हतं ना त्याला? पण त्याची खात्री करून घ्यायला हवी, असं आता तिला वाटेना.

संध्याकाळी धारेच्या वेळी तिनं आईला पाण्याचं सांगितलं. बापाच्या शकाचं सांगितलं नाही. ते तिनं स्वतःजवळ ठेवलं. बादलीत पडणाऱ्या धारेचा आवाज थांबला. पारुबाईनं मागं वळून पाहिलं नाही. थोड्या वेळानं धार पुन्हा सुरू झाली.

अर्ज दहा आले.

माघारीच्या शेवटच्या दिवशी सकाळीच हरिचंद घामाघूम होऊन आला. हिंगोलीचं कार्यालय तीनला बंद व्हायचं. "जीप उभी आहे बाहेर. चार म्हातारे तयार केलेत, ते नरसिंगला बसवतील. तो म्हणतो, दिपा म्हणली तर काढतो. तू एक शब्द टाक."

"काय शब्द?"

"काका, माघार घ्या. एवढंच." तो जवळ सरकला. "ऐक. काल तो वीस घरं फिरून आला. कधी फिरत नव्हता. मी मतं मोजून सांगतो, तू दहावी येशील. रतनसिंगची पोरगी दहावी! त्याच्या नावाचं काय राहील तांड्यात?"

हे मात्र खोटं नव्हतं. तिनं स्वतःही मोजली होती आणि तिचाही आकडा तिथंच आला होता. बाप जाऊन महिना झाला नव्हता. त्याच्या खुर्चीवर त्याच्या डोळ्यांदेखत नसलं तरी तांड्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या कुणाला बसू द्यायचं, तेही आपल्याच हातानं. एक शब्द टाकला की हे सगळं टळणार होतं.

"तो टाकीचा ठराव वाचून दाखवा," ती म्हणाली.

"आता? तो काय इथं आहे व्हय. अन् इंग्रजीत आहे सगळा."

"मला येतं इंग्रजी."

"पोरी, टाकी चांगलीच आहे. मी काय तांड्याचं वाईट करून राहिलो?"

कदाचित नव्हताही करत. टाकी आली तर उन्हाळ्यात दूध नासणार नाही, हे तिलाही दिसत होतं. ठराव चांगला की वाईट, तिला माहीत नव्हतं. तो वाचल्याशिवाय सही करणारी माणसं तेवढी हरिचंदला हवी होती, आणि तशी नऊ त्यानं जमवली होती. त्यातली एक ती.

"जीपवाल्याला जाऊ द्या," ती म्हणाली. "चिन्हं वाटून घ्या."

"तू पडशील!"

"पडले तर सभेत मागं बसून विचारीन. तिथली नरसिंगकाकांची जागा रिकामी होईल ना."

हरिचंदनं तिच्याकडं पाहिलं. या पोरीला कुणीतरी काहीतरी द्यायचं कबूल केलंय, एवढाच संशय त्याच्या डोळ्यांत होता. पायजम्याची धूळ झटकत तो गेला.

तीन वाजून गेले. ऊन उतरल्यावर नरसिंग शेजारच्या घरातून निघून यांच्या अंगणात आला. या खेपेला कडेला थांबला नाही. सरळ ओट्यापाशी आला आणि ज्वारी पाखडत बसलेल्या पारुबाईसमोर त्यानं हात जोडले.

"वैनी, मत मागायला आलो."

दिपा आत होती. सुपाचा आवाज तिला ऐकू येत होता.

"माझ्या पोरीच्या विरोधात?" पारुबाई म्हणाली. "माझ्याच दारात?"

"तुमचं मत येगळं, तिचं येगळं. सभासद हाव तुमी."

सूप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तुझ्यावर बारा वर्सं नसता आळ घेतला मी. तो आळ मी मागं घेते." मग लगेच तिचा नेहमीचा आवाज चढला. "म्हणून मत दीन असं समजू नको! अन् मागायला एकटा काहून आलास? द्वारकी कुठाय? बाईकडं मत मागायला बाईला आणावं, एवढी अक्कल न्हाई अन् निघाला चेअरमन व्हायला."

"आणतो. पण देता का?"

"ते पेटीत गेल्यावर कळंल."

दिपा दारात येऊन उभी राहिली. नरसिंग द्वारकाबाईला आणायला वळला होता. पारुबाईनं सूप पुन्हा उचललं होतं. दिपानं आईच्या चेहऱ्याकडं नीट निरखून पाहिलं, एकदा, दोनदा. आईचं मत कुणाला जाणार, ते काही तिला ओळखता आलं नाही.