परत टाकलेली गोटी

मी एक जुनी कापडी थैली आहे. पडद्याच्या उरलेल्या तुकड्यातून माझा जन्म झाला, म्हणून माझ्या अंगावर अर्धंच फूल आहे. बाकीचं अर्धं गणिताच्या बाईंच्या खिडकीला लटकतं. बाईंनीच मला शिवलं आणि पोटात चार गोट्या घातल्या, तीन पांढऱ्या आणि एक काळी.

मित्रांनो, माझं काम सोपं होतं. न बघता हात घालायचा, गोटी काढायची, रंग सांगायचा, गोटी परत टाकायची आणि मला हलवायचं. असं तीनदा केलं तर नेमकी दोनदा काळी येण्याची संभाव्यता किती? बाई आधी विचारत, "कोणत्या दोन वेळा?" पहिली-दुसरी, पहिली-तिसरी, नाहीतर दुसरी-तिसरी. म्हणजे प्रकार तीन. प्रत्येकाची संभाव्यता तीन छेद चौसष्ट, सगळे मिळून नऊ छेद चौसष्ट. पोरांना उत्तर तोंडपाठ, पण गोटी परत टाकायचा भारी कंटाळा. "अरे, परत टाका! नाहीतर गणितच बदलतं," असं बाई ओरडत. फळ्यावर जे जमलं नाही ते या थैलीनं शिकवलं, असंही त्या म्हणत आणि मी फुगून जाई.

पुढच्या बाकावरची एक मुलगी मात्र गोटी परत टाकायला कधी विसरत नसे. तिच्या थोरल्या भावाला रक्ताचा आजार होता. दर महिन्याला त्याला रक्त चढवावं लागे. आजार आईबाबांकडून आलेला. प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता चारांत एक, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आता आईला पुन्हा दिवस गेले होते. डॉक्टर तपासणीला बोलावत होते, पण आई जात नव्हती. "चारातला एक झाला ना आमचा," ती म्हणे. म्हणून मुलीनं बाईंकडून मला मागून नेलं.

आई स्वयंपाकघरात मटार सोलत होती. मुलीनं मला ताटाशेजारी ठेवलं आणि काळी गोटी काढून आईच्या तळहातावर दिली.

"हा दादा. आता बाळासाठी काढायची. पण आधी ही परत टाकायची."

आईनं मूठ मिटली. "का म्हणून? आमच्या वाट्याची होऊन गेली ना?"

"तसं नसतं गं. प्रत्येक बाळाच्या वेळी थैली पुन्हा पहिल्यासारखीच असते."

तिनं आईची बोटं एकेक करून उघडली आणि गोटी माझ्यात टाकली.

"अभद्र बोलू नकोस," आई उठलीच. "उचल तो तुझा खेळ."

"तपासणीला तरी जा ना, आई."

आई गेली नाही. मुलीला बहीण झाली, आणि काही महिने घर हसलं. मी दप्तराच्या तळाशीच पडून राहिले. मग बाळ फिकट पडू लागलं. तीन भावंडांत पहिलं आणि तिसरं. बाई फळ्यावर मांडत त्या तीन प्रकारांतलाच हा एक.

बाळाला पहिल्यांदा रक्त चढवून आई घरी आली, तेव्हा मुलीनं दप्तर आवरायला काढलं होतं आणि मी टेबलावर होते. आई माझ्याकडे बघत राहिली.

"तूच परत टाकलीस ती," ती म्हणाली.

मुलीला गणित येत होतं. असं होत नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी आईचा चेहरा बघून ती म्हणाली, "हो, आई."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडले असते. गोटी देताना मला राग नसतो, लोभ नसतो, मागच्या वेळी कोणती निघाली तेही मी धरून ठेवत नाही. त्या पोरीनं काहीएक केलं नव्हतं. आता मी वर्गाच्या कपाटात आहे. शिवण उसवली आहे. अशा वेळी माझ्यासारख्या वस्तू "आम्हाला जपा" म्हणतात. मला नका जपू. गोट्या काय, डब्यातूनही काढता येतात. पण खरं गणित घरी घेऊन जाणारं पोर जपा. ते खरं ठरलं की पहिलं बोट त्याच्याकडेच जातं.