कॉलरच्या आतला बगळा

थोरला गेल्यावर धाकटीला काय म्हणायचं, हा प्रश्न गल्लीत कुणालाच पडला नव्हता. तिला पडला होता. सतरा वर्षांची झाली, दादाला जाऊन दोन महिने झाले, तरी सगळे तिला धाकटीच म्हणत.

त्यांच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत चादरी वाळत असत. त्यांच्या रांगांमधून चालताना तिला वाटायचं, पलीकडच्या चादरीवर त्याची सावली हलली. ती चादर बाजूला सारायची. पलीकडे दुसरी चादर. त्या पांढऱ्या गल्ल्यांतून ती झोपेत चालल्यासारखी फिरायची, आणि शोधत राहिलं की तो सापडत नसला तरी हरवतही नाही, असं तिला वाटायचं.

त्या दिवशी व्हॅन तोच चालवत होता. “तू मागे गठ्ठ्यांवर बस, फुकटची गादी आहे,” म्हणाला होता. पुलाच्या वळणावर व्हॅन उलटली. लोकांच्या शर्टांनी आणि कोटांनी धाकटीला अलगद झेललं, त्याला झेलायला पुढे काहीच नव्हतं.

ते कपडे आईने पुन्हा धुतले, पुन्हा इस्त्री केले आणि फळीवर रचून ठेवले. पण ते कुणाचे, हे तिला कळेना. दादा कपड्यावर कधी नाव लिहीत नसे. धुऊन न जाणाऱ्या शाईने कॉलरच्या आत नखाएवढं चित्र काढायचा, आणि पोचवायलाही स्वतःच जायचा. कुठलं चित्र कुणाचं, ती सगळी वही त्याच्या डोक्यात. मागायलाही कुणी येईना. ज्या घरातला पोरगा गेला, तिथे जाऊन ‘माझा शर्ट झाला का?’ असं कुठल्या तोंडाने विचारायचं?

“शनिवारपर्यंत ही फळी रिकामी झाली नाही, तर मी कुलूप लावणार,” आई म्हणाली. “रोज यांच्याकडे बघवत नाही गं मला.”

दुकान गेलं तर चादरींच्या गल्ल्याही जाणार होत्या, मग त्याला शोधायचं कुठे? दोन महिन्यांत धाकटी उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. तिने फळीवरचा पहिला शर्ट घेतला, कॉलर उलटली. आत छत्री.

छत्री म्हणजे पोस्टमनकाका, उन्हातही छत्री घेऊन फिरणारे. ती भिंतीला धरून धरून चौकापर्यंत गेली.

पोस्टमनकाकांनी शर्ट अंगाला लावून पाहिला. त्यात त्यांच्यासारखे दोन मावले असते.

“हा माझा? अगं, मी काय तंबू आहे?”

“छत्री होती ना आत... मला वाटलं...”

“छत्री बेकरीवाल्याची. पोट असं आहे की पावसात त्याचे बूट भिजत नाहीत, असं तुझा दादा म्हणायचा.” त्यांनी आवाज खाली आणला. “माझा शोधायचा तर बगळा बघ. माझे पाय बघून काढलेला. मी चिडलो, तर म्हणतो, काका, मासा काढू का चोचीत?”

धाकटी हसली. खळखळून, नाकातून आवाज येईपर्यंत. मग एकदम तोंडावर हात दाबून तिथेच उभी राहिली, चोरी पकडली गेल्यासारखी.

“हस गं,” काका म्हणाले. “मी दोन महिने कुणाला सांगू शकलो नव्हतो हे.”

मग तिने कपडे पोचवायला सुरुवात केली. निम्म्या वेळा चुकायची. किटली चहावाल्याची समजून नेली, तर ती निघाली रागाने शिट्टी वाजल्यासारखं बोलणाऱ्या शिक्षिकाबाईंची. त्यांनी तिला खुर्ची दिली, आणि शिट्टी न वाजवता दादाच्या खोड्या सांगत शेजारी बसल्या. प्रत्येक चुकीच्या दारात दादाचा एकेक खोडसाळपणा तिला मिळत गेला. घरी येऊन ती आईला सांगायची. आई इस्त्रीवरून मान वर करायची नाही, पण इस्त्री एकाच जागी थांबलेली असायची.

“अगं आई, जळेल!”

“जळू दे. पुढे काय म्हणाल्या बाई?”

शनिवारी दुपारी फळी रिकामी झाली. आई रिकाम्या फळीवरून फडकं फिरवत होती, तेव्हा एक अनोळखी बाई पडद्यांचं मोठं गाठोडं घेऊन आत आली. कडेवर बाळ, खांद्यावर बाळाच्या दुधाचा डाग.

“नवीन राहायला आलोय समोर. घेता ना अजून?”

आईने खणातून शाईची दौत काढली आणि धाकटीपुढे सरकवली.

दादाने काय काढलं असतं, हे धाकटी आठवू लागली. आठवेना. चादरींमधून कुणी हाक मारली नाही. तेवढ्यात बाळाने त्या बाईच्या डोक्यावरचा गॉगल ओढला, आणि ती डोळे मिटूनच त्याला “नको रे, राजा” म्हणाली. धाकटीने पडद्याच्या कोपऱ्यात भरभर रेघा ओढल्या.

बाईने वाकून पाहिलं. “हे... बटाटा आहे का?”

“माकड आहे,” धाकटी म्हणाली. “पिल्लू पोटाला धरलेलं.”

बाई हसायला लागली. आईने चष्मा पुसून ते चित्र उजेडात धरलं.

“शेपूट राहिली,” ती म्हणाली.

धाकटीने दौतीत लेखणी बुडवली.