जांभळा फेटा

जाळी परत करायला मी शिरूरला गेलो, एवढाच माझा गुन्हा.

गोलपोस्टाची जाळी. आमच्या क्लबाची फाटली होती, म्हणून जिल्हा स्पर्धेच्या फायनलला शिरूरच्या घोडकाठ क्लबाकडून उसनी आणलेली. फायनल आम्ही जिंकलो. दौंडात मिरवणूक निघाली, गुलाल उधळला, डीजेवर पोरं घामाघूम होईस्तोवर नाचली, आणि जाळी मैदानावर लोंबतच राहिली. आमच्या कमिटीत पदाधिकारी ढिगानं आहेत, पण जाळी पोचवायला एकालाही सवड होईना. शेवटी एका रविवारी मीच तिचं बोचकं मोटारसायकलला बांधलं आणि न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो.

मी म्हणजे हनुमंत, शाळेत पीटीचा मास्तर आणि दौंडच्या जंक्शन फुटबॉल क्लबाचा कोच. जिल्ह्यात आमच्याइतके कप कुणाकडे नाहीत, हे अध्यक्ष प्रत्येक भाषणात सांगतात. मैदानावर चुन्याची फक्की कोण मारतं, बॉलमध्ये हवा कोण भरतं, पोरांच्या आयांना समजावायला घरोघर कोण जातं, हे ते सांगत नाहीत. जर्सी माझ्या घरी धुतल्या जातात. माझी बायको प्रतिभा त्यांना ‘माझी बिनलग्नाची सवत’ म्हणते. ऐन तारुण्यात हौसेनं गळ्यात शिट्टी अडकवली, ती अजून उतरलेली नाही. हौस कधी संपली ते मात्र कळलं नाही. गेली काही वर्षं गुडघे दुखतात, संध्याकाळ झाली की नको वाटतं, आणि तरी पाय मैदानाकडे चालू लागतात.

तर त्या रविवारी घोडकाठच्या मैदानावर नव्या लाइटांचं उद्घाटन होतं. मांडव, खुर्च्या, माइक, सगळा थाट. मी बोचकं घेऊन गपचूप मागच्या बाजूनं शिरलो, तर त्यांचा सेक्रेटरी मच्छिंद्र समोरच उभा. हा रांजणगावच्या कंपन्यांना बसगाड्या पुरवतो, आवाज हॉर्नसारखाच आहे.

“मच्छिंद्र, जाळी कुठं ठेवू?”

“आवो टाका ती जाळी तिकडं! आधी स्टेजवर चला. च्यांपियन टीमचं कोच आमच्या ग्राउंडवर आल्यात, आन् तसंच माघारी जाणार व्हय?”

आपल्याकडे मांडवात सापडलेला माणूस सत्काराशिवाय सुटत नाही. वीजमीटर बघायला आलेल्यालाही शाल पांघरतील. मला वर नेलं, शाल दिली, नारळ दिला आणि डोक्याला फेटा बांधला. फेटे त्यांनी एकरंगीच आणले होते, जांभळे. घोडकाठची जर्सी जांभळी. फोटो निघाले. मी दमलेलो होतो, ऊन लागत होतं, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच दिवसांनी कुणी आपल्याला हाताला धरून खुर्चीवर बसवलं याचं बरंही वाटलं. मी हसलो. फोटोत ते हसू अगदी ठसठशीत आलं आहे.

आता इथली एक रीत सांगायला हवी. सीझनच्या आधी पोरं क्लब बदलतात तेव्हा कागदबिगद नंतर होतात. आधी नव्या क्लबाच्या रंगाचा फेटा बांधायचा, फोटो काढायचा. तो स्टेटसला पडला की पोरगं त्या क्लबाचं झालं, मग ब्रह्मदेव आला तरी बदल नाही. हे मला पाठ आहे. माझीच किती पोरं अशी फेट्यातून गेली. पण पन्नाशी उलटलेल्या मास्तरला कुणी फेटा बांधून पळवेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. माझा फोटोही मच्छिंद्रनं स्टेटसला टाकला आणि खाली लिहिलं, ‘सरांचे घोडकाठ परिवारात सहर्ष स्वागत’. तो सगळ्यांच्याच फोटोखाली तेच लिहितो.

मी दौंडात पोचण्याआधी बातमी पोचली होती.

चहाच्या टपरीवर मला बघून बोलणं थांबलं. मग एक जण म्हणाला, “काय मग सर, शिरूर का?” मी जाळीची हकिगत सांगितली. सगळ्यांनी मान डोलावली. “बराबर हाय. पक्कं होईस्तोवर असंच म्हणायचं असतंय.” दुसऱ्या दिवशी बातमीत मला रांजणगावात फ्लॅट मिळाला होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी गाडीही मिळाली. शाळेत मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं की वर्षाच्या मधेच राजीनामा देणार का, म्हणजे त्यांना वेळापत्रक बघायला बरं. ज्यानं त्यानं विचारलं ते कधी, किती आणि कसं. नाही म्हणून म्हणून माझा घसा बसला, आणि जितकं नाही म्हणालो तितकी बातमी पक्की झाली.

प्रतिभाला सगळं ठाऊक होतं. जाळीचं बोचकं तिनंच बांधून दिलं होतं. ती आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, “उठलीच हाय आवई, तर उठू द्या. सुटाल तरी. ह्या जर्श्या माझ्या मोरीतनं जातील.”

“मला जायचं नाही,” मी म्हणालो.

“मग जायचं न्हाई तर तोंड का पाडलंय?”

तिला काय सांगणार? लाज वाटत होती. पण इथं सांगतो. बातमी उठली तेव्हा मी मनातून थोडा सुखावलो होतो. वाटलं, आता घरी रांग लागेल. अध्यक्ष येतील, पोरं येतील, कुणी हातापाया पडेल, कुणी चिडेल. मी ताणून धरीन आणि मग म्हणेन, अरे वेड्यांनो, मी कुठं चाललोय! मला एवढंच हवं होतं. एकानं तरी म्हणावं, सर, जाऊ नका. एकानं. मग मी पुढची दहा वर्षं फक्की मारली असती.

कुणी आलं नाही. फोन आला तो मच्छिंद्रचा.

“सर, माफी करा हं, पर लोकं म्हंत्यात तुमी आमच्याकडं येताय. आमालाच म्हाईत न्हाई!” तो हसला, मग अवघडला. “आमचा कोच ठरलाय हो. पुण्याचा हाय, लायसनवाला. तुमी काय मनात धरलं असंल तर...”

“काही धरलं नाही मच्छिंद्र. जाळी मिळाली ना?”

“मिळाली की. एका बाजूनं जरा उसावलीय.”

म्हणजे मी जाणार असं साऱ्या दौंडाला वाटत होतं, आणि जिथं जाणार तिथं जागाच नव्हती. माझं मलाच हसू आलं, पण ते फार वेळ टिकलं नाही.

त्याच आठवड्यात सरावानंतर सुमित थांबला. सुमित आमचा कॅप्टन. लहान होता तेव्हा त्याच्या पायात माझ्या पोराचे जुने बूट होते. वडिलांचा विरोध होता, तेव्हा त्यांच्या दारात मी चकरा मारल्या. बाकीची पोरं गेली आणि हा बॉल पायाखाली फिरवत घुटमळत राहिला. मला कळलं, आता बोलणार. म्हटलं, बोल बाबा, तू बोललास की पुरे.

“सर, एक म्हणायचं होतं. राग न्हाई ना येणार?”

“बोल की रे.”

“शिरूरला माझं बी बघा ना जरा. तितं कंपनीत चिकटवत्यात म्हणे. तुमी शबूद टाकला तर होईल.”

राग त्याचा नाही आला. त्याला नोकरी हवी आहे, लग्नाचं वय झालंय, बॉलनं पोट भरत नाही हे मीच त्याला सांगत आलोय. पण मी तिथंच मैदानात खाली बसलो. तो म्हणाला, “गुडघा का सर?” मी म्हणालो, “हो, गुडघा.”

मग चौकात फ्लेक्स लागला. अध्यक्ष सर्जेरावआप्पांचा फोटो सगळ्यांत मोठा, हात जोडलेला. डाव्या कोपऱ्यात मी, ‘सरांना पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा’. उजव्या कोपऱ्यात सतीश, माझ्याच हाताखाली खेळलेला जुना बॅक, ‘नूतन प्रशिक्षक म्हणून हार्दिक अभिनंदन’. एकाच फ्लेक्सात येणारा आणि जाणारा उरकला होता. मला कुणी कळवलंही नव्हतं. कार्यक्रम रविवारी सकाळी मैदानावर आहे, हे मी रस्त्यात उभा राहून वाचलं.

प्रतिभा म्हणाली, “जाऊच नका कार्यक्रमाला.” पण मी ठरवलं होतं. मैदानात सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. तिथं पोरं असतील. पोरं तरी ओरडतील.

कार्यक्रम झकास होता. आप्पा बोलले, माझ्यामुळं क्लब जिल्ह्यात पोचला म्हणाले. कमिटीतले जे जे मला वर्षभर दिसत नाहीत ते सगळे बोलले. एकाचे डोळे भरून आले. इतकं चांगलं माझ्याबद्दल मी पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि ऐकताना वाटत होतं, हे माणूस बसलेला असताना का बोलत नाहीत? उठून चालायला लागला की मगच का? मग माइक माझ्या हातात आला.

“एक सांगायचंय,” मी म्हणालो. “मी कुठंही चाललेलो नाही. शिरूरला मी जाळी द्यायला गेलो होतो. मी इथंच आहे. उद्या सरावाला येतो.”



मी पोरांच्या रांगेकडे बघितलं. सुमित बुटाकडे बघत होता. सतीश नव्या ट्रॅकसूटमध्ये खुर्चीच्या टोकावर बसला होता, त्याच्या शेजारी त्याची आई नऊवारी नेसून आली होती, आणि ती माझ्याकडे अशी बघत होती की जणू मीच तिच्या पोराच्या ताटातलं उचललंय. आप्पांनी एकदा फ्लेक्सकडे बघितलं. कुणी टाळी वाजवली नाही. लोक दमलेले होते हे मला त्या क्षणी दिसलं. त्यांनाही माझा कंटाळा आला होता, जसा मला त्यांचा. फक्त त्यांना बातमीची सोय झाली होती.

आप्पा उठले, माइक हळूच काढून घेतला आणि मोठ्यानं हसले. “सरांची थट्टा करायची सवय काय जात न्हाई बघा! पाय निघत न्हाई त्यांचा. कुणाचा निघंल?”

तेव्हा टाळ्या पडल्या. चांगल्या कडकडून पडल्या. फेटा बांधणारा पुढं आला. या वेळी फेटा लाल होता, आमच्या जर्सीचा. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर तो म्हणाला, “हलू नका सर, ढिला बसंल.” मी हललो नाही. सतीश पाया पडला. त्याच्या डोक्यावर हात ठेवून मी गळ्यातली शिट्टी काढली आणि त्याला दिली. मनापासून दिली म्हणणार नाही, पण दिली.

घरी आल्यावर प्रतिभानं लाल फेटा सोडवून घेतला, कपाटातला जांभळा काढला, दोन्ही अंगणात पसरले. “कापड बरं हाय,” म्हणाली. “दोन्ही मिळून एक गोधडी व्हईल.” तारेवर शेवटच्या सरावाच्या जर्सी वाळत होत्या. त्यांच्या घड्या तिनं नेहमीपेक्षा हळू घातल्या, एकीची उसवलेली बाही शिवली आणि पिशवीत भरून सतीशकडे पोचवल्या.

सोमवारी शाळेतून आलो. चहा झाला. ऊन कलल्यावर मैदानाकडून शिट्टी ऐकू आली. सतीशला अजून नीट वाजवता येत नाही, मधेच तुटते. मला कळलंही नाही आणि मी उंबऱ्यावर बसून बूट चढवत होतो. एका पायात घातला, दुसऱ्याची लेस ओढली.

प्रतिभा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हाताला पीठ होतं.

“जाऊ नका,” ती म्हणाली.

इतके दिवस मी ज्या शब्दांची वाट बघत होतो ते तेच होते. मी लेस सोडली आणि बूट भिंतीला लावून ठेवले. गुडघे खरंच फार दुखत होते.