पाणी शिंपडलेला दोर

मी एक जुना काथ्याचा दोर आहे. मित्रांनो, आज शाळेच्या माळ्यावर उंदीर माझी चव बघतात. पण एके काळी दोन गावं श्वास रोखून माझ्याकडे बघत होती.

मला शेवंतीने वळलं. नारळाची सोडणं तिने खाडीच्या चिखलात कुजवली, मोगरीने ठेचली आणि तळहात सोलवटेपर्यंत काथ्या वळला. दर सव्वीस जानेवारीला आमच्या गावाची वालावलशी रस्सीखेच असे. शेवंती मला मैदानात ठेवून लांब जाऊन उभी राही, कारण तिच्या वाडीला गाव शिवत नसे. मग संघाचा म्होरक्या हरिश्चंद्र आमच्या बाजूच्या अर्ध्या दोरावर तांब्यातलं पाणी शिंपडी, आणि मगच त्याचे गडी मला हात लावत. दोर हवा, वळणारी नको. मला मेलं हसू येई आणि रागही.

वालावलच्या संघात सगळ्या वाड्यांचे गडी. त्यांना पाणी लागत नसे. लागोपाठ दोन वर्षं तेच जिंकले.

अठ्ठावन्न साल उजाडलं. तिसऱ्यांदा हरलो तर जिंकणाऱ्याला मिळणारी फिरती ढाल कायमची वालावलला जाणार होती. ऐन वेळी आमच्या सत्यवानाचा पाय मुरगळला. सात गड्यांचा संघ चालत नाही, म्हणून पंच दाजींनी शेवंतीच्या मुलाला, खाडीतल्या मचव्यांवर पोती चढवणाऱ्या गणपतला, शेवटच्या जागी उभं केलं. हरिश्चंद्राने सवयीने तांब्या उचलला. गणपतने मला खाली ठेवलं.

"पाणी मारलास तर माझो झील वडूचो नाय," शेवंती लांबूनच म्हणाली. "भिजललो दोर हातातसून सुटता. दोन वर्सां तुमी त्याच पाण्यान हरलास. दोर माझ्या हातचो आसा, माका म्हायत आसा."

दाजींनी शिट्टी तोंडाला लावली. सगळं गाव हरिश्चंद्राच्या हातातल्या तांब्याकडे बघत होतं. अखेर त्याने तांब्या मातीत रिता केला.

शिट्टी वाजली. माझा पीळ न् पीळ कुरकुरला. वालावलकरांनी हातभर ओढलं, मग आणखी वीतभर. हरिश्चंद्राची टाच घसरली. मला वाटलं, संपलं सगळं. पण मागे गणपत खांबासारखा रुतून बसला होता. बोटाबोटाने आमचे गडी मागे सरकत गेले, आणि जिंकले.

हरिश्चंद्राच्या घशाला कोरड पडली होती आणि तांब्या रिकामा होता. शेवंतीने लेकासाठी मडक्यात पाणी आणलं होतं. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि त्याने ओंजळ पुढे केली.

"मावशे, वायच पाणी दी गो."

बाकीचे गडी दुसरीकडे बघू लागले. शेवंती घाबरली, पण तिने मडकं कलतं केलं.

पुढच्या वर्षीपासून मला कुणी भिजवलं नाही. बाकीच्यांच्या ओंजळी पुढे यायला मात्र फार वर्षं लागली.

मित्रांनो, मला खाली काढा, उन्हात वाळवा आणि पुन्हा मैदानात न्या. ओढायला साऱ्या वाड्यांना बोलवा. जो जिंकेल तो जिंको. खेळ संपल्यावर पाणी एकाच मडक्यातलं प्या.