लाल रेघेविना राहिलेले कार्ड

मित्रांनो, मी नॉर्वेतल्या एका खोऱ्यातल्या सरकारी दवाखान्याचे जुने कार्ड आहे. वीतभर लांबीचा जाड पुठ्ठा, एवढाच माझा जीव. दवाखान्याच्या कारकून योर्डिसबाईंनी सुवाच्य अक्षरात माझ्यावर नाव लिहिले, आसलाउग. पुढच्या रकान्यात 'आजारी' लिहायचे की 'वाहक', यावर डॉक्टर जरा अडखळले. आसलाउग तर ठणठणीत होती. पण तिने डोंगरावरच्या गोठ्यात केलेले चीज खाऊन तीन मुले विषमज्वराने अंथरुणाला खिळली होती आणि तपासणीत जंतू तिच्या पोटात सापडले होते. डॉक्टरांनी 'वाहक' लिहायला सांगितले. त्या दिवसापासून दुसऱ्याच्या तोंडी जाणाऱ्या अन्नाला हात लावायची तिला बंदी झाली. घरात तिची लहानगी लेक रान्नी होती.

माझे मात्र फार कौतुक झाले. त्यानंतर खोऱ्यात कोणालाही विषमज्वर झाला नाही. मी चांगलेच फुशारून गेले होते. आज त्याची लाज वाटते.

काही वर्षांनी आसलाउगचे पित्ताशय काढले, कारण हे जंतू तिथेच दडी मारून बसतात. नियम असा होता की महिन्याच्या अंतराने तीन तपासण्या निर्मळ आल्या की डॉक्टरांनी 'वाहक' या शब्दावर लाल रेघ मारायची. दोन निर्मळ आल्या. तिसरीचा कागद आला तेव्हा जुने डॉक्टर बदलून गेले होते. नव्या डॉक्टरांना दाखवू म्हणून योर्डिसबाईंनी तो माझ्या पाठीला टाचला. त्याच आठवड्यात फ्लूची साथ आली, दवाखाना माणसांनी भरला आणि त्या साफ विसरल्या. तिसरी तपासणीही निर्मळच होती. हे मला ठाऊक होते, पण मला तोंड नव्हते.

मग रान्नीचे लग्न ठरले. लग्नाआधी शेजारणी जमून पातळ भाकऱ्यांची चळत लाटतात आणि पहिली भाकरी नवरीची आई लाटते. आसलाउग दवाखान्याच्या खिडकीशी आली.

"काय गं योर्डिस, माझं नाव निघालं का?"

योर्डिसबाईंनी मला खोक्यातून अर्धवट वर ओढले आणि पुढची बाजू वाचली. "नाही गं बाई. रेघ नाहीये अजून."

"मग चुलीत लाकडं तरी सारू ना? की जाळालाही विषमज्वर होतो?"

दोघी हसल्या. हसता हसताच आसलाउगने डोळे पुसले. पहिली भाकरी तिच्या जावेने लाटली. पुढे तिने विचारायचेच सोडले आणि अकरा वर्षांनी ती गेली.

नंतर कार्डांची माहिती संगणकात भरायला एक मुलगी आली. तिने मला उलटले. निवृत्त झालेल्या योर्डिसबाईंना बोलावणे गेले. कागदावरची तारीख त्यांनी दोनदा वाचली. मग मला पिशवीत घालून रान्नीच्या दारी गेल्या.

"चूक माझी आहे, रान्नी. तुझ्या लग्नाच्या चार वर्षं आधीच तुझी आई मोकळी झाली होती."

रान्नीने मला हातात घेतले. "आईच्या हातचं शेवटचं काय खाल्लं, तेच आठवत नाही मला," ती म्हणाली. "तेव्हा कुठं ठाऊक होतं, ते शेवटचं म्हणून?"

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी डॉक्टर होईल, कोणी कारकून. माणसावर शिक्का मारताना जेवढी घाई कराल, तेवढीच तो पुसतानाही करा. त्या मायलेकींच्या मधे इतकी वर्षे मीच उभे होते.