इस्तारीच्या मशीनचं सील

चामोर्शीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत नवाबचं दुकान होतं. टीव्ही, स्टॅबिलायझर, मिक्सर, शेतावरचे मोटरपंप, जे येईल ते तो उघडायचा. एखादी वस्तू कंपनीकडे पाठवा, असं त्यानं गिऱ्हाइकाला सांगितल्याचं कुणाला आठवत नव्हतं. म्हणून २००७ च्या श्रावणात नदीकाठच्या गावातून देवानंद मोटरसायकलवर आला आणि म्हणाला, "काकाची हवेची मशीन बंद पडली, लवकर चला," तेव्हा नवाब पिशवी घेऊन तसाच मागे बसला.

काका म्हणजे इस्तारी. घर मासेमारीचं, पण हा तरुणपणीच गडचांदूरकडे गेला आणि बावीस वर्षं दगडाच्या क्रशरवर राबला. परत आला तो छातीत धूळ घेऊन. चार पावलं चालला की ओठ निळे पडायचे. त्याची मुलगी रीता नागपुरात नर्स होती. तिथला एक दवाखाना बंद झाला तेव्हा तिनं त्यांची ऑक्सिजनची मशीन बापासाठी घेतली. खोलीतली साधी हवा ओढायची, त्यातला ऑक्सिजन वेगळा करायचा आणि नळीतून नाकात सोडायचा, एवढंच त्या मशीनचं काम. दीड वर्ष इस्तारी त्या नळीवर जगला.

नवाब पोचला तेव्हा खोलीत इस्तारीच्या श्वासाचाच आवाज होता. बायको गोकुळा त्याला धरून उशाशी बसली होती. मशीनला वीज पोचत होती. वर एक लाल दिवा लागला होता आणि छोट्या पडद्यावर इंग्रजीत आलं होतं, सर्व्हिस ड्यू. मागच्या झाकणाच्या चारही स्क्रूंवर चंदेरी कागदाची सीलं होती. खाली कंपनीचा फोन नंबर.

नवाबनं देवानंदच्या मोबाइलवरून तो फिरवला. बराच वेळ गाणं वाजलं. मग एक माणूस शांतपणे बोलू लागला. ठरलेले तास भरले की मशीन आपोआप थांबते. कंपनी कोड देते, तो टाकला की चालू होते. पण कोड फक्त नोंदलेल्या मालकाला मिळतो, आणि मशीन दवाखान्याच्या नावावर आहे. नाव बदलायला अर्ज करा. पंधरा दिवस लागतील.

"पेशंट समोर आहे साहेब," नवाब म्हणाला. "मी मिस्त्री आहे. मी खोलून पाहू का?"

"सील तुटलं तर मशीन कायमची लॉक होईल," तो माणूस म्हणाला. "आणि पेशंटला काही झालं तर केस तुमच्यावर होईल. तुमचं नाव सांगा."

नवाबनं फोन बंद केला.

"खोला ना भाऊ," गोकुळा म्हणाली.

त्यानं पेचकस काढला होता. सीलापर्यंत नेलाही होता. तेवढ्यात इस्तारीनं अंथरुणावरून हात वर केला. बोलता येत नव्हतं त्याला. हात क्षणभर तसाच राहिला आणि खाली पडला. खोल म्हणत होता की राहू दे म्हणत होता, नवाबला कळलं नाही. त्याच्या कानात त्या माणसाचा आवाज होता, तुमचं नाव सांगा.

"बाई, हे टीव्ही नोहे," तो म्हणाला. "कायमची बंद पडली तं काय करान? रीताले सांगा, अर्ज करू द्या. तवर सिलिंडर आणू."

त्यानं पेचकस पिशवीत टाकला. 

चामोर्शीच्या दवाखान्यातून ऑक्सिजनचा एक सिलिंडर मिळाला. तो जपून जपून पुरवला. दुसऱ्यासाठी देवानंद गडचिरोलीला गेला. चौथ्या दिवशी दुपारी तो सिलिंडर घेऊन वाटेत असतानाच इस्तारी गेला.

तेरवी झाल्यावर देवानंदनं ती मशीन ऑटोत टाकून नवाबच्या दुकानात आणली.

"काकू घरात ठेवू देत नाई," तो म्हणाला. "बंद मशीनचा आवाज येते म्हणते तिले. तुमी ठेवा, नाई तं मोडीत द्या."

नवाबनं ती कोपऱ्यात ठेवली आणि वर पोतं टाकलं.

तेव्हा भारनियमन रोजचं होतं. दुपारी वीज गेली की गल्लीतले पंखे, पिठाची चक्की, रेडिओ सगळं एकदम गप्प व्हायचं. पहिल्याच आठवड्यात, अशाच एका दुपारी, नवाबला कोपऱ्यातून आवाज आला. आधी काहीतरी ओढल्यासारखा घरघरता आवाज, मग थोडं थांबणं, मग फुस्स. पुन्हा ओढणं, थांबणं, फुस्स. त्यानं उठून पोतं काढलं. मशीन थंडगार होती. वायर गुंडाळून वर ठेवलेली होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. समोरच्या शिंप्याला त्यानं विचारलं, "काही आयकू येते का?" शिंप्यानं मान हलवली. आपल्याच छातीचा आवाज असेल म्हणून नवाबनं श्वास धरून पाहिला. आवाज थांबला नाही. घरी जेवताना त्याचा घास मध्येच थांबे. बायको नाहीद विचारी, "काय झालं?" तो म्हणे, "काई नाई."

शेवटी एका सकाळी त्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि चारही सीलं फाडली.

आत कुठं जळलेलं नव्हतं, तुटलेलं नव्हतं. हवा ओढणारा पंप चांगला होता. हवा गाळणाऱ्या दोन नळकांड्या होत्या, त्या आळीपाळीनं उघडणारा व्हॉल्व्ह चांगला होता. वरच्या बोर्डानं फक्त सगळ्यांना थांबायला सांगितलं होतं. नवाबनं तो बोर्ड बाजूला काढला. जुन्या स्टॅबिलायझरमधले दोन रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारे स्विच, घेतले, एक टायमर जोडला आणि व्हॉल्व्हची वेळ जमवत बसला. कधी वीज नसायची, कधी वेळ चुकायची. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं बटण दाबलं.

ओढणं, थांबणं, फुस्स.

 ही मशीन चालताना त्यानं कधीच ऐकली नव्हती. तो इस्तारीच्या घरी गेला तेव्हा ती बंदच होती. तरी पंधरा दिवस कोपऱ्यातून जो आवाज येत होता तो हाच होता, थांबण्याच्या वेळेसकट.

थोड्या वेळानं त्यानं एक अगरबत्ती पेटवली, फुंकून विझवली आणि तिचं लाल टोक नळीच्या तोंडाशी धरलं. टोक भडकलं, म्हणजे नळीतून ऑक्सिजन येत होता. आपोआप पांढरी ज्योत उभी राहिली. नवाब ती बोटांपर्यंत येईतो बघत राहिला.

घरी त्यानं नाहीदला सगळं सांगितलं. "त्या बाईला सांगू नका," ती म्हणाली. "गेलेला माणूस येणार आहे का? तुमचं मन हलकं होईल, तिचं जड होईल."

रात्रभर त्याला ते पटलेलं होतं. सकाळी पटेना. तो गावाला गेला.

गोकुळा अंगणात फाटकं जाळं विणत बसली होती. तिनं बसायला पाट दिला. नवाबनं आडवळण न घेता सांगितलं की मशीन सुरू झाली.

"किती दिवस लागले?" तिनं विचारलं.

पंधरा म्हणावं असं त्याच्या तोंडावर आलं होतं. "तीन," तो म्हणाला.

तिची बोटं थांबली. "ते चौथ्या दिवशी गेले."

"हो."

"म्हणजे झालं असतं."

"झालं असतं बाई. मी घाबरलो."

कोंबडी अंगणातून फिरून गेली. गोकुळानं जाळ्याची एक गाठ मारली, मग दुसरी.

"मी बी घाबरली होती," ती म्हणाली. "तोंडानं म्हटलं खोला. पण तुमी पेचकस ठेवला ना, तवा मले बरं वाटलं. कोणाले सांगतलं नाई मी. रीताले बी नाई." मग ती म्हणाली, "तुमाले माफ केलं असं नका समजू. मले तसं नाई वाटून राह्यलं."

"मी मागाले आलो बी नाई," नवाब म्हणाला.

ती उठून आत गेली आणि एक पाकीट घेऊन आली. "नागपूरच्या पत्त्यावर आलं होतं. रीतानं तसंच पाठवलं. वाचा."

कंपनीचं पत्र होतं. अर्ज मंजूर झाला, मशीन श्रीमती रीता यांच्या नावे नोंदली, आणि खाली ठळक अक्षरांत सहा आकड्यांचा कोड. तारीख मरणानंतरच्या अकराव्या दिवसाची. नवाबची नजर त्या सहा आकड्यांवर खिळली. हे आकडे दाबायला किती वेळ लागला असता, ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"काय लिवलं हाय?"

"कोड आला," तो म्हणाला.

गोकुळानं पत्र घेतलं, चुलीजवळ गेली आणि निखाऱ्यावर ठेवलं. "मशीन इथी आणू नका," ती पाठमोरीच म्हणाली. "पण मोडीत बी नका देऊ."

भादव्यात शेजारच्या गावची सोमारी नावाची म्हातारी दवाखान्यातून घरी आली. आयुष्यभर चुलीचा धूर घेतलेली, बसल्या जागी धाप लागणारी. नवाब स्वतः मशीन घेऊन गेला. त्यानं जोडणी केली, सोमारीच्या नाकाला नळी लावली, बटण दाबलं. पहिल्या फुस्सला ती दचकली. मग हळूहळू तिचे खांदे खाली आले. ओठांचा रंग बदलत गेला.

"जिवंत असल्यावानी वाटते हे," ती म्हणाली.

"हो," नवाब म्हणाला.

सून चहा घेऊन आली. चहा झाला. परतीची शेवटची बस येऊन रस्त्यावर हॉर्न वाजवू लागली.

"जा ना भाऊ, चालली गाडी," सोमारी म्हणाली.

"जाऊ द्या," नवाब म्हणाला आणि भिंतीला टेकून बसला. मशीनकडे न बघता तो तिच्या छातीचं वरखाली होणं बघत राहिला.