नाक्याअलीकडची सवारी

चौदा वर्षं मी मनोहररावांचे ट्रक चालवले आणि चौदा वर्षांत एकदाही गाडी ठोकली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे माझ्या मूर्खपणाची गोष्ट येणार आहे. चौऱ्याहत्तर सालच्या दसऱ्याला मी नोकरी सोडली आणि स्वतःचा जुना ट्रक घेतला. मनोहरराव हसले. "लहानू, ड्रायव्हर तो ड्रायव्हरच राहते. होळीपर्यंत वापस येशील."

"येईन ना, तुमाले रंग लावाले," मी म्हणालो.

ट्रकचं इंजिन झकास होतं, बाकीचं रंगाखाली झाकलेलं होतं. दोस्तांनी पुढे लिंबू-मिरची बांधायचा हट्ट धरला. माझी बायको भीमाबाई म्हणाली, "लिंबू-मिरची मी लोणच्यात घालत असते. तुमी ब्रेक पाह्यले का?" छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात असल्या गोष्टींना थारा नाही. मी निमूट ब्रेक पाहिले.

एकट्या गाडीला कोणी काम देत नाही. आज विटा, उद्या रेती, परवा काहीच नाही. हंगामभराचं काम मिळालं नसतं, तर मनोहररावांचं म्हणणं होळीच्या आधीच खरं ठरलं असतं. तसं काम काटोलच्या बापूजींकडे होतं. त्यांची मोठी संत्र्याची बाग, आंबिया बहाराचं फळ तोडीला आलेलं आणि रोज एक ट्रक माल नागपूरच्या बाजारात जायचा. माणूस भला, पण पारखी. त्यांनी मला एक फेरी देऊन पाहायचं ठरवलं.

"हर्रासाची बोली सुरू व्हायच्या आत माल पोचला पाह्यजे," ते म्हणाले. "अन् सवारी घ्यायची नाही. लोकं मालावर बसतात, फळ दबते. सारेच ड्रायव्हर सवाऱ्या घेतात अन् नाक्याच्या अलीकडे उतरवून देतात. मले समजत नाही का?"

"बापूजी, मी आता मालक आहो."

"तेच तं पाहून राहिलो," असं म्हणून ते सकाळच्या बसने पुढे निघून गेले.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? बापूजींचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. ट्रक मालकाचा आणि सवारीची चिल्लर ड्रायव्हरची, असा आमच्या लाइनीचा कायदाच. शहराच्या जकात नाक्यावर मालकाचा मुनीम उभा असतो, म्हणून सवाऱ्या अर्धा कोस आधी उतरतात. त्यांनाही ते पाठ झालेलं असतं.

डाल्यात, म्हणजे ट्रकच्या मागच्या हौद्यात, गवताच्या थरावर संत्री भरून घेतली आणि मी निघालो. कळमेश्वरच्या अलीकडे रस्त्याकडेला एक हात वर झालेला दिसला, आणि मी विचार करायच्या आत माझा पाय ब्रेकवर गेला. पायाला कोण सांगणार की मालक बदलला म्हणून! एक म्हातारी, तिचा नवरा आणि त्यांची लेक, असे तिघं केबिनमध्ये चढूनही बसले. त्यांना उतरा म्हणायला मी तोंड उघडलं, पण म्हाताऱ्याच्या डोळ्यावर पट्टी होती आणि ती पाण्याने भिजलेली होती. त्यांना नागपूरला धंतोलीच्या डॉक्टरकडे जायचं होतं आणि बस भरून निघून गेली होती. मी गिअर टाकला.

म्हातारीचं नाव रुखमाबाई. बोलकी बाई. मीही काही कमी नाही. ही गाडी माझी आहे, रंग मी स्वतः निवडला, मी कोणाचा नोकर नाही, हे सगळं मी तिला दोनदा तरी ऐकवलं असेल. अशा गप्पांत नाका जवळ आला. मी गाडी कडेला घेतली आणि म्हणालो, "उतरा मावशी. इथून पायी जा."

"काहून गा? पुढं काहून नेत नाहीस?"

"पुढं मालक पाहते ना!"

रुखमाबाईने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "कोनता मालक? मघापासून तं म्हनून राहिला का गाडी माही आहे."

तिची लेक पदर तोंडाला लावून हसू लागली. मला असा राग आला, आणि तोही माझाच मला! चौदा वर्षं ज्या मुनिमाला चुकवलं त्याच्याच भीतीने मी आज स्वतःच्या गाडीतून माणसं उतरवत होतो. बापूजी बाजारात होते. इथे उतरवलं असतं तर त्यांना पत्ताही लागला नसता आणि काम मलाच मिळालं असतं. पण मग ड्रायव्हर तो ड्रायव्हरच, हे मनोहररावांचं बोलणं खरं ठरलं असतं. ते मला सहन होणार नव्हतं.

"बसून राहा," मी म्हणालो. "आधी माल, मंग धंतोली."

बाजारात बापूजी फाटकाशीच उभे होते. केबिनमध्ये चार डोकी पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"सवारी घेतली," मीच आधी बोललो. "केबिनीत बसवली, मालाले हात लागला नाही. तुमचा शब्द मोडला, हे कबूल. पन नाक्यावर चोरून उतरवली नाही."

बापूजी चाकावर पाय ठेवून वर चढले. कोपऱ्यातलं गवत बाजूला करून त्यांनी एकेक फळ दाबून पाहायला सुरुवात केली. एकही दबलेलं निघालं नाही. शेवटी ते खाली उतरले.

"वीस वर्षांत सवारीसकट बाजारात आलेला तूच पह्यला."

"काम देता का नाही, ते सांगा बापूजी. या लोकायले दवाखान्यात सोडाचं आहे."

"उद्या सकाळी ये. पन डाल्यात कोनी बसलं नाही पाह्यजे."

"डाला तुमचा, केबिन माही."

बापूजींनी केबिनमध्ये डोकावून पाहिलं. "मंग केबिनीत माह्यासाठी एक जागा ठेव. बसगाडीले लटकून येनं आता होत नाही."

"या ना," मी म्हणालो. "भाडं तेवढं द्या लागन."

रुखमाबाई खो खो हसत सुटली. बापूजींनी माझ्याकडे रोखून पाहिलं, मग खिशात हात घालत म्हणाले, "हां, आता बोलला मालकासारखा."

मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की चौदा वर्षं नागपुरात गाडी चालवलेला मी धंतोलीचा रस्ता चुकलो.